वयाचा दाखला कोणी द्यावयाचा?

(नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या हातातील मोबाईल हा आज घराघरांतील कलहाचा विषय झाला आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणारे आईबाप, द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडकडे उतरणारी आदिवासी कुटुंबे आणि शहरातील सुखवस्तू पालक यांच्या जीवनात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही मूल पडद्यापासून हलत नाही ही तक्रार तिघांचीही आहे. ही तक्रार खोटी नाही. तिला जुनाट माणसांची कुरकुर म्हणून झटकून टाकणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. परंतु दुखणे खरे असले म्हणजे त्यावर सांगितलेले प्रत्येक औषध खरे ठरते असे नाही. आज जगभर एकच औषध सांगितले जात आहे : इंटरनेटच्या दारावर पहारेकरी बसवा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचे वय तपासा. हा पहारेकरी कोणाचा, तो कोणाला अडवितो आणि तपासलेल्या कागदांचे पुढे काय करतो, हे प्रश्न मात्र फारसे विचारले जात नाहीत.

ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई करणारा कायदा २०२४ साली केला व १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील व अन्य घातक मजकूर दाखविणाऱ्या स्थळांवर वयाची तपासणी सक्तीची झाली. शेजारच्या गोव्यातही ऑस्ट्रेलियासारखे पाऊल उचलण्याचा विचार जानेवारी २०२६ मध्ये सरकारी पातळीवरून बोलून दाखविण्यात आला. आणि देशासाठी तर कायदाच आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला. त्याचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे बालदिनी, जाहीर झाले. मुलांविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून, लागू व्हाव्यात असे ठरले.

या कायद्याच्या नवव्या कलमात दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. पहिली अशी, की १८ वर्षांखालील कोणाही मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी कंपनीने पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घेतली पाहिजे. दुसरी अशी, की मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविणे कंपन्यांना वर्ज्य आहे. पहिल्या तरतुदीचे ओझे घरावर पडते. दुसरीचे ओझे धंद्यावर पडते. चर्चा बव्हंशी पहिलीचीच होते. कार्यकर्त्यांनी आपले सारे बळ दुसरीच्या मागे उभे केले पाहिजे.

१८९१ चे दोन कायदे

वयाचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८९१ साली संमतिवयाच्या विधेयकाने हा प्रांत ढवळून निघाला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणाऱ्या त्या विधेयकाला टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला, आगरकरांनी ‘सुधारका’तून पाठिंबा दिला. घराच्या उंबऱ्याआत सरकारने यावे की नाही, हा त्या वादाचा गाभा होता. त्याचा इतिहास सर्वांना पाठ आहे. परंतु त्याच १८९१ साली वयाविषयीचा आणखी एक कायदा झाला, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. तो होता कारखान्यांचा कायदा. १८८१ च्या मूळ कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली होती. १८९१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा नऊवर नेली आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम सात तासांवर आणले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना संघटित करीत होते, तो हाच काळ.

त्या काळी जन्माचे दाखले कोणाजवळ असणार? डॉक्टर मुलाचे दात आणि अंगकाठी पाहून वय ठरवीत. आज चेहरा पाहून वय ताडणारी यंत्रे आली आहेत आणि तीही नेमकी सोळा-अठराच्या सीमारेषेवर अधिक चुकतात. म्हणजे दातांची जागा चेहऱ्याने घेतली, एवढीच प्रगती!

परंतु कारखान्यांच्या कायद्याची खरी शिकवण निराळी आहे. तो कायदा दाखल्यावर थांबला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली झालेल्या कारखाने अधिनियमाने चौदा वर्षांखालील मुलांना मज्जाव केला. त्यावरील किशोरांसाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र आवश्यक केले. आणि त्या प्रमाणपत्राचे शुल्क मालकाने भरावे, ते मुलाकडून वा त्याच्या आईबापांकडून वसूल करता येणार नाही, असेही लिहून ठेवले. शिवाय त्याच कायद्याने धोकादायक यंत्राभोवती कुंपण घालणे मालकावर बंधनकारक केले. तो अधिनियम नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितांत विलीन झाला. त्यामागील न्यायाचे तत्त्व मात्र विलीन होऊ देता कामा नये. यंत्राने बोट कापले तर ‘तुझे वय किती’ हा प्रश्न मुलाला विचारण्याआधी ‘कुंपण का घातले नाहीस’ हा प्रश्न मालकाला विचारावयाचा, हे ते तत्त्व होय.

समाजमाध्यमांचे यंत्रही असेच आहे. एक चित्रफीत संपण्यापूर्वी दुसरी सुरू होते. पानाला तळ नाही. रात्री दोन वाजता सूचना वाजते. मूल कोणत्या चित्रावर किती क्षण रेंगाळले याची नोंद होते आणि ती नोंद जाहिरातदाराकडून पैसे मिळविण्याचे साधन बनते. हे सारे माणसांनी, हिशेब करून, नफ्यासाठी रचलेले आहे. बोट कापणारे पाते तसेच ठेवून केवळ दारावर वयाची पाटी लावली, तर अठरावा वाढदिवस उलटताच तेच पाते त्याच मुलावर चालणार. मग कायद्याने रक्षण कोणाचे केले?

पहारेकऱ्याची झोळी

वयतपासणीच्या तर्कात एक गोष्ट लपलेली आहे. मूल कोण हे ओळखण्यासाठी प्रौढ कोण हेही ओळखावे लागते. अर्थात मुलांसाठी म्हणून उभारलेल्या दारावर साऱ्यांनाच कागद दाखवावे लागतात. मालकाविरुद्ध तक्रार लिहिणारा कंत्राटी कामगार, नवऱ्याच्या माराबद्दल सल्ला विचारणारी स्त्री, अधिकाऱ्याचा भ्रष्टाचार उघड करणारा शिपाई, या सर्वांचे निनावीपण त्या दारात गळून पडते.

आणि गोळा झालेले कागद सुरक्षित राहतात काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या कंपनीने जाहीर केले, की तिच्या एका बाह्य सेवादाराकडील सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाली असण्याचा संभव आहे. वयाविषयीच्या तक्रारींसाठीच ती ओळखपत्रे मागविली गेली होती. जी माहिती घेतलीच नाही ती फुटत नाही, हा साधा नियम कायदा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयास हवा होता.

सरकारचे घर याहून निराळे असते असेही नाही. ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षणमंचावरील सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची व दहा लाखांहून अधिक शिक्षकांची माहिती असुरक्षित साठ्यात उघडी पडल्याचे जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात २०२२-२३ ची संचमान्यता आधार वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर करण्याचे शासनाने ठरविले. शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव यांत एका काना-मात्रेचा फरक पडला, की वर्गात बसलेले मूल हिशेबात नाहीसे होते आणि शिक्षकाचे पद धोक्यात येते. त्यानंतर आली ‘अपार’ क्रमांकाची मोहीम. ही नोंदणी ऐच्छिक आहे असे शासन सांगते. पण शंभर टक्के नोंदणीचा धोशा वरून लागला म्हणजे पालकाच्या सहीला संमती म्हणावे की हजेरी? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. न्यायालयाचे शब्द दिल्लीत राहतात आणि सक्ती मात्र शाळेच्या पायरीपर्यंत येते, हा अनुभव कार्यकर्त्यांना नवा नाही.

संमती कोणाची?

पालकाची संमती हा शब्द कानाला गोड लागतो. पण नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर तो ठेवून पाहावा. आश्रमशाळेतील मुलीचे आईबाप महिनोन्‌महिने द्राक्षबागेत असतात. घरात एकच मोबाईल आणि तो बहुधा बापाच्या वा थोरल्या भावाच्या खिशात. इंग्रजीत लिहिलेल्या चाळीस पानांच्या अटी कोकणा वा वारली बोलणाऱ्या आईने वाचून संमती द्यावयाची, ही कल्पना मुंबई-दिल्लीच्या वातानुकूलित दालनातच सुचू शकते. अशा ठिकाणी संमती हे रक्षण राहत नाही; कंपनीची जबाबदारी पालकाच्या माथी मारणारी ती पावती होते. आणि जेथे संमती खरोखर विचारली जाईल, तेथे पहिला नकार मुलीला मिळेल. मुलगा ‘अभ्यासासाठी’ फोन वापरील. सतरा वर्षांची मुलगी मासिक पाळीविषयी, बालविवाहाविषयी वा शिष्यवृत्तीविषयी काही वाचू इच्छील, तर तिला ज्याच्यापासून संरक्षण हवे त्याचीच परवानगी मागावी लागेल.

काळाराम मंदिराच्या दारापाशी २ मार्च १९३० रोजी काय झाले ते या शहराला ठाऊक आहे. दारात ओळख विचारली जाते तेव्हा आत कोण जातो आणि बाहेर कोण राहतो, हे त्या सत्याग्रहाने एकदा कायमचे शिकविले आहे.

मग काहीच करू नये काय? असे म्हणणे कंपन्यांच्या पथ्यावरच पडेल. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाखाली त्यांना बेबंद धंदा हवा आहे, आणि संयम मुलांनी व आयांनी पाळावा असे त्यांना वाटते. येथे महाराष्ट्रातीलच एक उदाहरण घेण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरविले, की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहतील. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा, वाचावे, मोठ्यांनी बोलावे. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. या दोन उपायांतील भेद महत्त्वाचा आहे. बान्सीने मुलाला वेगळे काढून मनाई केली. वडगावने मोठ्यांनाही त्याच नियमात बांधून घेतले. वडगावच्या भोंग्याने कोणाचे वय विचारले नाही, कोणाचे ओळखपत्र जमा केले नाही. अर्थात गावचा भोंगा परदेशी कंपनीच्या दारापर्यंत ऐकू जात नाही. तेथे कायदाच लागतो. परंतु सामुदायिक शिस्त पाळतीवाचून उभी राहू शकते, एवढे त्याने सिद्ध केले.

मागणी आणि काम

या विचारातून काही मागण्या स्पष्ट निघतात. पहिली, पाळत आणि हेरून केलेल्या जाहिराती यांवरील बंदीची अंमलबजावणी वयाच्या दाखल्यावर अवलंबून ठेवू नये. मुले मोठ्या संख्येने जी सेवा वापरतात ती मुळातच सर्वांसाठी निर्धोक असावी. न थांबणारे पान, रात्रीच्या सूचना, अनोळखी प्रौढांना मुलांपर्यंत पोहोचविणाऱ्या शिफारशी हे यंत्राचे उघडे पाते आहे. त्याला कुंपण घालणे मालकाचे कर्तव्य ठरवावे.

दुसरी, जुगार वा अश्लील मजकूर यांसारख्या ठिकाणी वय पाहणे अपरिहार्य असेल, तर केवळ ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच उत्तर कंपनीला मिळावे. नाव, क्रमांक, छायाचित्र मिळू नये आणि उत्तर मिळताच नोंद पुसली जावी. नव्या नियमांत डिजिटल लॉकरसारख्या माध्यमातून सांकेतिक खूण देण्याचा मार्ग आहे. परंतु कोण कोठे गेला याचा माग त्या खुणेवरून सरकारलाही काढता येऊ नये.

तिसरी, मुलांविषयीच्या कर्तव्यात चुकणाऱ्या कंपनीला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो जातो भारताच्या संचित निधीत. माहिती तंत्रज्ञान कायद्यात पीडिताला भरपाई देणारे जे कलम होते, ते वगळण्याचे याच कायद्याने ठरविले आहे. ज्या मुलाची माहिती फुटली त्याच्या हाती काय? भरपाईचा हक्क परत मिळाला पाहिजे. आणि दंड ठरविणाऱ्या मंडळाच्या नेमणुका केंद्र सरकारच्या मुठीतून मोकळ्या झाल्या पाहिजेत.

चौथी, क्रमांक जुळला नाही म्हणून एकाही मुलाचे नाव पटावरून वा हिशेबातून जाता कामा नये.

मागण्यांइतकेच काम महत्त्वाचे. शिक्षणहक्क कायद्याने शाळांत व्यवस्थापन समित्या आणल्या. त्यांत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. शाळा मुलांची कोणती माहिती कोणाला देते, हा प्रश्न या समित्यांच्या बैठकीत आजवर क्वचितच निघाला असेल. तो काढणे, संमतिपत्राचा अर्थ मराठीत व आदिवासी बोलींत समजावून सांगणे, सही न करण्याचा हक्क आहे हे निर्भयपणे सांगणे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला आपल्या वस्तीत करता येण्याजोगे काम आहे. एकट्या पालकाचा नकार हेडमास्तरांच्या टेबलापुढे विरघळतो. समितीचा ठराव तसा विरघळत नाही.

गिरणीतल्या मुलाच्या वयाचा प्रश्न डॉक्टरच्या दाखल्याने सुटला नाही. कामगार संघटित झाले, मालकाचा हात धरला गेला आणि शाळेचे दार उघडले, तेव्हा तो सुटू लागला. आजच्या मुलाकडेही वयाचा दाखला मागण्यापूर्वी, यंत्र निर्दोष असल्याचा दाखला मालकाकडे मागितला पाहिजे. तो मागण्याचे बळ संघटनेतूनच येईल.