इंग्रजी वाक्याचीं दोन अंगें

वाक्य लहान असो वा मोठें, त्यांत दोन गोष्टी असाव्याच लागतात. ज्याविषयीं बोलावयाचें तें उद्देश्य. आणि त्याविषयीं जें सांगावयाचें तें विधेय. 'द बॉय रन्स' या वाक्यांत 'द बॉय' हें उद्देश्य व 'रन्स' हें विधेय होय. एवढें सर्वांस उमगतें. अडचण पुढें येते. कारण इंग्रजी शिकणारा विद्यार्थी बहुधा वाक्यांतील पहिल्या नामासच उद्देश्य समजून बसतो.

'ऑन द टेबल आर टू मँगोज' हें वाक्य घ्यावें. यांतील पहिलें नाम टेबल. परंतु सांगावयाचें आहे तें आंब्यांविषयीं. म्हणून आधीं क्रियापद शोधावें. तें 'आर'. मग त्यालाच विचारावें, कोण किंवा काय आहे? उत्तर येतें, 'टू मँगोज'. हेंच उद्देश्य, बाकीचें सर्व विधेय. 'हॅज द ट्रेन लेफ्ट?' या प्रश्नांत क्रियापदाचे दोन तुकडे होऊन उद्देश्य त्यांच्यामध्यें सांपडलें आहे. 'क्लोज द डोर' या आज्ञेंत तर तें दिसतच नाहीं. दार कोणीं लावावयाचें? ज्याला सांगितलें त्यानें. तेथें 'यू' हा शब्द अध्याहृत आहे.

मराठी विद्यार्थ्याची खरी पंचाईत दोन भाषांच्या निराळ्या घडणीमुळें होते. 'रामानें आंबा खाल्ला', 'रामानें पोळी खाल्ली' येथें क्रियापद आंब्याप्रमाणें व पोळीप्रमाणें बदलतें, रामाप्रमाणें नव्हे. इंग्रजींत तें नेहमीं उद्देश्याच्याच मागून चालतें. मराठींत 'जातों' एवढें म्हटलें कीं जाणारा कोण हें कळतें; इंग्रजींत नुसत्या 'गो'नें भागत नाहीं, 'आय' लागतोच. पावसाविषयीं बोलतांना 'इट इज रेनिंग' म्हणावें लागतें. उद्देश्याची जागा रिकामी राहूं नये म्हणून 'इट' तेथें बसविला आहे. 'मला भूक लागली आहे' यांत उद्देश्य भूक. 'आय ॲम हंग्री' यांत तेंच स्थान 'आय'कडे जातें. म्हणून मराठींतील उद्देश्य उचलून जसेंच्या तसें इंग्रजींत ठेवूं गेल्यास वाक्य बिघडतें.

हा खटाटोप केवळ परीक्षेसाठीं नाहीं. 'द टेनंट ऑफ द रूम्स बिहाइंड द टू शॉप्स हॅज टु पे द टॅक्स' असा मजकूर एखाद्या नोटिशींत आला, तर कर कोणीं भरावयाचा? क्रियापदाच्या अगदीं जवळ दुकानें आहेत. घाईनें वाचणारा दुकानदारांवर बोट ठेवील. परंतु क्रियापद 'हॅज' आहे, 'हॅव' नाहीं. म्हणजे ज्याविषयीं सांगितलें तो एकच आहे. तो 'टेनंट', दुकानांच्या मागील खोल्यांचा भाडेकरी. 'ऑफ'पासून 'शॉप्स'पर्यंतचे शब्द त्याची ओळख पटविणारे आहेत. ते उद्देश्याच्याच अंगांत मोडतात. पण क्रियापद चालतें तें मुख्य शब्दाच्या वचनाप्रमाणें. 'द प्राइस ऑफ दीज बुक्स' यापुढें विद्यार्थी 'आर' लिहितात, तीही चूक याच घाईची. तेथें 'इज' हवें, कारण किंमत एक आहे.

अमेरिकेंतील रीड व केलॉग या दोन शिक्षकांनीं सन १८७७ मध्यें 'हायर लेसन्स इन इंग्लिश' या पुस्तकांत वाक्याचें चित्र काढण्याची रीत मांडली. एक आडवी रेघ ओढावयाची, तिला छेदणारी एक उभी रेघ काढावयाची. उभ्या रेघेच्या डावीकडे उद्देश्याचा मुख्य शब्द, उजवीकडे क्रियापद. विशेषणें व इतर परिवार त्या त्या शब्दाखालीं तिरप्या रेघांवर लिहावयाचा. लांबलचक वाक्याचा सांगाडा यामुळें डोळ्यांस दिसूं लागतो.

ज्यांच्या घरीं इंग्रजी शिकणारीं मुलें आहेत, त्यांनीं एवढें करून पाहावें. रोज वर्तमानपत्रांतील पांच वाक्यें घ्यावीं, क्रियापदाखालीं रेघ ओढावी, 'कोण किंवा काय' असा प्रश्न विचारावा, आणि मुलाचें उत्तर आल्यावरच अर्थ विचारावा. अर्थ आधीं विचारला, तर मूल शब्दांवरून अंदाज बांधतें. उद्देश्य सांपडल्यावर विचारला, तर तें वाक्य वाचतें.