नळापासून मोरीपर्यंत : जड पाण्याचा हिशेब

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवाच्या या व्यासपीठावरून बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. गेली अनेक वर्षे माझे वास्तव्य बंगळुरूच्या एचएसआर लेआउट या वसाहतीत आहे. तेथील नळाच्या पाण्याविषयी मी आज बोलणार आहे. विषय घरगुती वाटेल. परंतु शाळेत शिकलेले विज्ञान रोजच्या व्यवहारात कोठे उपयोगी पडते, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

विज्ञानाच्या तासाला आपण ‘दुष्फेन’ हा शब्द शिकलो. ज्यात साबणाचा फेस नीट होत नाही ते दुष्फेन आणि ज्यात सहज होतो ते सुफेन. इंग्रजी नाव पाणी ‘कठीण’ आहे एवढेच सांगते. कन्नडमधले ‘गडसु नीरु’ही तेच सांगते. आपला शब्द मात्र ते पाणी ओळखायचे कसे, हेही सांगतो. व्याख्या आणि परीक्षा दोन्ही एकाच शब्दात आल्या आहेत.

पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे जडपणाचे कारण. साबणाशी त्यांचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि फेस होण्यापूर्वीच साबण संपतो. हे क्षार बायकार्बोनेटच्या रूपात असतील तर पाणी उकळल्यावर खाली बसतात. तो तात्पुरता जडपणा. सल्फेट व क्लोराइडच्या रूपातले क्षार उकळून जात नाहीत. तो कायमचा जडपणा. तूरडाळ शिजता शिजत नाही त्याचेही कारण हेच. डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम अधिक घट्ट करते.

आता आमच्या वसाहतीकडे वळू. एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रस्ता. आगर आणि इब्लूर या जुन्या गावांच्या व तलावांच्या परिसरात ही वसाहत वसली. येथील इमारतीच्या तळटाकीत बहुधा तीन प्रकारचे पाणी एकत्र येते. पहिले कावेरीचे. सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून, सुमारे 500 मीटर उंची चढवून ते शहरात आणले जाते; 1974 साली या योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये पाचव्याचे उद्घाटन झाले. नदीचे हे पाणी तुलनेने मऊ. दुसरे कूपनलिकेचे. ग्रॅनाइट व नाइस या प्राचीन खडकांच्या भेगांत ते दीर्घकाळ मुरलेले असते, म्हणून जड. तिसरे टँकरचे, तेही बहुतेक वेळा कोठल्यातरी कूपनलिकेचेच. 2024 च्या उन्हाळ्यात शहरातील सुमारे 14,000 सरकारी कूपनलिकांपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्या, तेव्हा या तिसऱ्या पाण्यावरच कित्येक घरे चालली. म्हणजे नळ एकच असला, तरी त्यातले पाणी ऋतूगणिक, किंबहुना दिवसागणिक निराळे असते.

याची चिन्हे घरोघर दिसतात. शॉवरची छिद्रे बुजतात, गीझरच्या कांडीवर पांढरा थर चढतो, बादलीच्या काठाला खरखरीत पापुद्रा धरतो. मग भीती सुरू होते आणि भीतीमागोमाग विक्रेता येतो. तो दोन सळ्यांचे विजेचे यंत्र पाण्यात बुडवतो; नळाचे पाणी गढूळ तपकिरी होते, त्याच्या यंत्रातून गाळलेले मात्र स्वच्छ राहते. पाहणारा घाबरतो. वस्तुतः ती तपकिरी घाण पाण्यातली नसते. सळईचे लोखंड विरघळून ती तयार होते. गाळलेल्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ राहते. त्यात चिमूटभर मीठ टाकले तर तेही तसेच तपकिरी होईल.

जड पाणी गैरसोयीचे आहे, यात शंका नाही. परंतु गैरसोय आणि अपाय यांत भेद केला पाहिजे. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतो. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे आणि तिला कोणतीही सवलत नाही. ई. कोलाय जिवाणू तर 100 मिलिलिटरमध्ये एकही आढळता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करू शकते. ते दिसत नाही, त्याला चव नाही आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. बादलीवरचा पांढरा थर पाहून आपण अस्वस्थ होतो आणि जे दिसत नाही त्याची तपासणी मात्र करून घेत नाही. खिशातले टीडीएस मीटरही येथे उपयोगी पडत नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा एकूण अंदाज देते. त्यातले कॅल्शियम किती, नायट्रेट किती आणि जिवाणू आहेत की नाहीत, हे ते सांगू शकत नाही.

आता उपायाचा हिशेब मांडू. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रात रेझिनचे मणी असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावे लागतात. समजा, एका कुटुंबाला दिवसाला 500 लिटर पाणी लागते आणि त्याचा जडपणा 400 मिलिग्रॅम आहे. म्हणजे दिवसाला 200 ग्रॅम, वर्षाला 73 किलो जडपणा काढायचा. त्यासाठी रसायनशास्त्राच्या नियमाने किमान 85 किलो मीठ लागते, प्रत्यक्षात अधिकच. 100 घरांच्या इमारतीला वर्षाला साडेआठ टनांहून अधिक मीठ झाले.

हे मीठ जाते कोठे? मोरीत. आमची वसाहत कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यात आहे आणि त्या खोऱ्याचा उतार बेळंदूर तलावाकडे. शहराच्या सांडपाण्याने भरलेल्या याच तलावावर फेसाचे डोंगर उठले आणि 2017 मध्ये त्यातून धुराचे लोट निघालेले देशाने पाहिले. विरोधाभास पाहा : घरात फेस होत नाही म्हणून आपण साबणचुरा वाढवतो आणि पुढे तलावात तोच फेस नको तितका होतो. 2018 पासून या खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी उपसून कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांत सोडले जाते, जेणेकरून तेथील भूजल वाढावे. सांडपाण्यावरील नेहमीची प्रक्रिया सेंद्रिय घाण कमी करते. विरघळलेले मीठ ती काढू शकत नाही. आमच्या गीझरच्या सोयीसाठी ओतलेल्या मिठाचा वाटा अशा रीतीने कोलारच्या शेतकऱ्याच्या विहिरीकडे निघतो. त्याला कोणी विचारलेले नसते.

म्हणून यंत्र घेऊच नये, असे मी म्हणत नाही. आधी मोजावे, मग ठरवावे आणि लागेल तेवढेच करावे. पिण्याच्या पाण्याची प्रयोगशाळेत रासायनिक आणि जिवाणूंची तपासणी करून घ्यावी. संडासात आणि बागेत मऊ पाण्याची गरज नसते. तेथे ते देऊ नये. मीठ घड्याळाप्रमाणे नव्हे, तर वापरलेल्या पाण्याप्रमाणे खर्च होईल अशी यंत्राची मांडणी करावी. आणि जे पाणी मुळातच मऊ आहे ते साठवावे. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 900 मिलिमीटर पाऊस पडला, तर 90,000 लिटर सुफेन पाणी घरावर येऊन पडते. बंगळुरूत ठराविक आकाराच्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलन 2009 पासून सक्तीचे आहे. कायद्याच्या धाकाने बसवलेली ती नळी स्वच्छ ठेवण्याचे काम मात्र रहिवाशांचेच.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक काम सुचवून मी थांबतो. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे पाणी, दुसरीत तितकेच नळाचे. अंगाच्या साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने घालून हलवा आणि फेस टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजा. धुण्याची पावडर घेऊ नका. ती जड पाण्यातही फेसाळते आणि फसवते. वरच्या वर्गांनी ईडीटीएचे अनुमापन करावे. लाल द्रावण निळे झाले की आकडा हाती येतो. शाळेच्या नळाची, जवळच्या विहिरीची व विंधन विहिरीची अशी नोंद उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात एका वहीत ठेवा. ती वही पुढच्या इयत्तेकडे सोपवा. शाळेच्या अमृतमहोत्सवाला आणखी 15 वर्षे आहेत. तोवर गावाच्या पाण्याची 45 ऋतूंची नोंद या शाळेजवळ असेल आणि पाण्याविषयी निर्णय घेताना गावाला कोणा विक्रेत्याच्या सळ्यांवर विसंबावे लागणार नाही.