वळूचे माप आणि बियाण्याचे मोल



कामगार संघटनेत केस पांढरे झालेल्या माणसाने गुरांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज जे सांगावयाचे आहे, ते आम्ही गिरणीच्या फाटकाशीच शिकलो. जुन्या मागावरच्या आणि नव्या मागावरच्या विणकरांचे कापड एकाच गजाने मोजीत, आणि ज्याचे कमी भरे तो आळशी ठरे. माग कोणता, सूत कसले, हे कोणी विचारीत नसे. माप खरे होते, निवाडा खोटा होता. गुरांच्या बाबतीत आपणही असाच निवाडा करीत आलो आहो.

कंधार, मुखेड, नांदेड आणि आपली बिलोली हा लाल कंधारी गुरांचा मुलूख. शेजारी लातूरकडे देवणी. तिचे वान्नेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरे मोठ्या हौसेने मांडतात. तेथे डोळा कोठे ठरतो? भरलेल्या छातीवर, ताठ वशिंडावर, तकतकीत कातडीवर. पण ज्याच्या दावणीला सरकीची पेंड, त्याचा वळू उठून दिसणारच. कोरडवाहू शेतकऱ्याचा, नुसत्या कडब्यावर वाढलेला गोऱ्हा किरकोळ दिसतो, म्हणून त्याला खच्ची करून औताला जुंपतात. त्याचे बियाणे कदाचित सरस असेल. पण एकदा खच्ची केल्यावर ते कायमचे गेले.

माप घेणे अवघड नाही. वशिंडामागे जमिनीपासून उंची, खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत लांबी, आणि पुढच्या पायांमागून छातीचा घेर. घेर 60 इंच आणि लांबी 50 इंच असेल, तर घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि 300 ने भागावे. 600 पौंड, म्हणजे सुमारे 272 किलो, असा वजनाचा अंदाज निघतो. पण हे झाले जनावराचे माप, बियाण्याचे नव्हे.

गावातील खोंडांची सरासरी उंची 120 सेंटिमीटर आहे आणि एक खोंड 130 भरला, असे समजा. ही 10 सेंटिमीटरची वाढ सगळीच त्याच्या रक्तातील नव्हे. उंचीतील फरकाचा दहातील चार भाग वारशाचा धरला, तर त्याच्या वाट्याची खरी वाढ 4 सेंटिमीटर. बापाकडून वासराला निम्माच वारसा मिळतो; तेव्हा सरासरी गाईच्या पोटी त्याच्या वासरांत साधारण 2 सेंटिमीटर उतरतील. बाकीचे चाऱ्याचे, ऋतूचे आणि धन्याच्या ऐपतीचे!

मग खरे बियाणे ओळखावे कसे? वळूकडे पाहू नये, त्याच्या वासरांकडे पाहावे. वीसेक वासरे वेगवेगळ्या गोठ्यांत वाढली, तर कोणाची पेंड आणि कोणाची उपासमार एकमेकींत फिटतात, आणि बापाचा गुण वर येतो. तुलना मात्र एकाच वयाच्या, एकाच हंगामातील वासरांची करावी. अमेरिकेत चार्ल्स हेंडरसन यांनी 1950 च्या सुमारास वंशावळ, कळप आणि साल एकत्र तोलणाऱ्या गणिताचा पाया घातला. परदेशात मांसाच्या गुरांची पैदास आज त्याच गणितावर चालते. आपल्याकडे 2015 पासून गोवंशहत्येला बंदी आहे. आपल्याला हवा तो कामाचा बैल आणि दुष्काळात तगणारी गाय. म्हणून सर्वांत उंच तोच उत्तम, असेही मानू नये. मोठ्या देहाला मोठा चारा लागतो, आणि 1972 चा दुष्काळ आपण विसरलेलो नाही.

उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय काही दूर नाही. त्यांच्याकडे शास्त्र आहे. पण वासरे आपल्या दावणीला आहेत. गावोगाव एक वही आणि एक फीत ठेवू या. वासराचा बाप कोण, जन्म केव्हाचा, माप किती आणि चारा कसला, एवढे चार रकाने पुरेत. त्या वहीत पाटलाच्या वळूला आणि गरिबाच्या गोऱ्ह्याला सारखीच ओळ मिळावी. गोऱ्ह्याला खच्ची करण्याआधी ती वही उघडून पाहा, एवढीच आमची विनंती आहे.