वासराचा पाय मोडला तर

आम्ही कामणच्या बचत गटाच्या बायका. चिंचोटी-भिवंडी रस्त्यावर ट्रक किती, ते तुम्ही पाहताच. पण वासराचा पाय गोठ्यातही मोडतो, गाय विताना घाईने ओढल्यामुळे. दोरी लावावीच लागली तर खुरावरच्या सांध्याच्या वर लावा आणि गाय कळ देईल तेव्हाच ओढा. चौघांची रस्सीखेच नको.

पाय मोडला म्हणून वासराची आशा सोडू नका. कालवड असली की धावपळ, गोऱ्हा असला की दुर्लक्ष, हे आम्हाला पटत नाही. वासराचं हाड लवकर जुळतं. गुडघ्याखालची नळी मोडली, कातडी फाटली नाही, तर बहुधा चार-सहा आठवड्यांच्या प्लास्टरवर भागतं. मांडीच्या हाडाला प्लास्टर धरत नाही. तिथे भूल देऊन सळई किंवा पट्टी बसवतात. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, तिथे शस्त्रक्रिया विभाग आहे. आधी आपल्या दवाखान्यात दाखवा, किंवा १९६२ ला फोन करा.

डॉक्टर येईपर्यंत नळीला जुन्या लुगड्याची जाड घडी, वरून बांबूच्या कामट्या, मोडलेल्या जागेचे वरचे-खालचे दोन्ही सांधे धरून. आवळू नका, पाय सडतो. मांडी मोडली असेल तर कामट्या बांधूच नका, नुसतं निजवून ठेवा. जखमेत शेण, चुना भरू नका. स्वच्छ कापड पुरे.

आणि चीक! उभं राहता येत नाही म्हणून वासरू उपाशी राहतं. पहिल्या दोन तासांत बाटलीने पाजा. कामट्या कशा बांधायच्या, ते पुढच्या बैठकीत दाखवू. लुगडं तेवढं आणा.