कच्चं लिंबू कोणीच नाही



स्वागताध्यक्षानं आधी आपल्या गावाचं कौतुक सांगावं, हा आपल्या परिषदांचा जुना रिवाज. तो मी आनंदानं पाळतो. हे एडिसन गाव पूर्वी रॅरिटन टाउनशिप म्हणून ओळखलं जाई. थॉमस एडिसननं १८७६ साली इथल्या मेन्लो पार्कात प्रयोगशाळा थाटली आणि पुढच्याच वर्षी तिथून फोनोग्राफ बाहेर पडला. एडिसनची आठवण म्हणून १९५४ मध्ये गावानं त्याचं नाव घेतलं. इथून उत्तरेला मरे हिल आहे. तिथल्या बेल लॅब्जमध्ये १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्माला आला. पण आज मला जास्त अभिमान वाटतो तो जवळच्या नॉर्थ ब्रन्सविकचा. तिथल्या हायस्कुलात ‘ब्रन्सविक इरप्शन’ ही ऑफ-सीझन रोबॉटिक्स स्पर्धा वर्षानुवर्षं भरत आली आहे. सामना संपला की मैदानावरचं सामान पुन्हा जागच्या जागी लावायचं, हे काम मी पहिल्यांदा तिथं केलं. आयोजनाची माझी मुळाक्षरं तिथलीच.

काही पालक या स्पर्धांच्या जगात नवे आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था सुरू केली. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरच्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. एमआयटीचे प्राध्यापक वूडी फ्लावर्स यांनी तिला तिचा स्वभाव दिला: जीव तोडून खेळायचं आणि समोरच्या संघाचा रोबो बिघडला, तर आपली अवजारं घेऊन त्याच्याकडे धावायचं. दर जानेवारीच्या सुरुवातीला नवा खेळ जाहीर होतो, मुलं काही आठवड्यांत शंभर पौंडांच्या आसपासचा रोबो उभा करतात, आणि एप्रिलअखेर हंगाम संपतो. त्यानंतर डिसेंबरपर्यंत तोच खेळ, तेच रोबो घेऊन ज्या स्थानिक स्पर्धा होतात, त्या ऑफ-सीझन. त्यांना जागतिक अजिंक्यपदाची वाट नाही, गुणांची बेरीज कुठं पुढं जात नाही. सगळा भार यजमान संघाच्या खांद्यावर असतो.

म्हणूनच की काय, आपल्या तोंडी एक वाक्य सहज येतं: “अहो, ऑफ-सीझनच तर आहे.” या वाक्याबद्दलच आज मला बोलायचं आहे.

लहानपणी अंगणात खेळताना धाकट्या भावंडाला आपण कच्चं लिंबू करायचो. त्यानं धावायचं, पण तो बाद होत नाही. त्यानं कुणाला पकडलं, तरी ते धरायचं नाही. मोठ्यांना ती माया वाटते. त्या पोराला मात्र पक्कं ठाऊक असतं, की आपण खेळात नाही.

एका संघात तीस-चाळीस मुलं असतात. पारदर्शक भिंतीमागं उभं राहून रोबो चालवण्याचं भाग्य चार-पाच जणांचं. हंगामात ते बहुतेक अकरावी-बारावीच्या मुलांच्या वाट्याला येतं, आणि ते योग्यच आहे. नववीतली मुलं स्क्रू निवडतात, बम्परचं कापड ताणून बसवतात, वही घेऊन दुसऱ्या संघांचे गुण टिपतात. मे-जूनमध्ये बारावीची मुलं निघून जातात. मग ऑफ-सीझनमध्ये ही नववीची पोरं पहिल्यांदा काचेमागं उभी राहतात. त्या दिवशी आपण घड्याळ सैल सोडलं, तपासणी उरकली, पंचांना नियमपुस्तक न वाचता उभं केलं, तर आपण त्या सगळ्यांना कच्चं लिंबू केलं.

२०२० सालची गोष्ट आपल्यातले अनेक जण विसरले नसतील. मार्चमध्ये साथीमुळे हंगाम मध्येच थांबला. त्या वर्षीच्या ‘इन्फिनिट रीचार्ज’ या खेळात पिवळे स्पंजचे चेंडू षट्कोनी खिडकीत मारायचे होते, आणि शेवटी रोबोनं एका झुलत्या दांड्याला लटकायचं होतं. आमच्या संघाचा रोबो एकही सामना न खेळता कपाटाशेजारी कापडाखाली झाकून राहिला. लटकण्याची यंत्रणा नववीतल्या एका मुलीनं केली होती. ती अकरावीत गेली, तेव्हा २०२१ च्या शरदात एका छोट्या ऑफ-सीझन स्पर्धेत तिनं ती पहिल्यांदा खऱ्या मैदानावर चालवली. शेवटच्या तीस सेकंदांत रोबो जमिनीवरून उचलला गेला आणि फलकावर गुण चढले. बाजूला उभं राहून मी तिचा चेहरा पाहत होतो. त्या गुणांना पुढं कुठं किंमत नव्हती, हे त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं, तर मी भांडलो असतो.

आता थोडा हिशेब. आयोजनात माया दाखवायची जागा म्हणजे वेळापत्रक, असं माझं ठाम मत झालं आहे. सामना अडीच मिनिटांच्या आसपासचा असला, तरी मैदान लावणं, रोबो जोडणं, गुण तपासणं धरून एका सामन्याला आठ मिनिटं लागतात. एका सामन्यात तीन विरुद्ध तीन, म्हणजे सहा संघ. २४ संघ बोलावून प्रत्येकाला सहा सामने द्यायचे, तर २४ सामने होतात, म्हणजे तीन तास बारा मिनिटं. दुपारनंतर तीन-तीन संघांच्या आठ युत्यांची बाद फेरी. दोनदा हरल्यावरच बाहेर, या पद्धतीनं अंतिम फेरीआधी १३ सामने होतात, आणि पुढं दोन किंवा तीन. सकाळी नऊला पहिली शिट्टी वाजली, तर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बक्षिसं वाटून होतात.

२४ हा आकडा मी मुद्दाम धरतो. आठ युत्या, प्रत्येकीत तीन संघ. दुपारी एकही संघ प्रेक्षकांत बसत नाही. ४० संघांचे अर्ज आले की मोह होतो, फीही जास्त जमते. पण मग सोळा संघांची मुलं दुपारी सामान बांधायला लागतात, आणि त्यांत पहिल्यांदा आलेली मुलंच जास्त असतात. जास्त अर्ज आले, तर दुसरा दिवस ठेवा किंवा शेजारच्या गावाला दुसरी स्पर्धा भरवायला मदत करा.

दुसरी गोष्ट विजेची, आणि ती मी आमच्या चुकीतून शिकलो. आमच्या पहिल्या स्पर्धेत पिटच्या, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या जागेच्या, एका रांगेत सगळे चार्जर एकाच ब्रेकरवर लागले होते. साडेअकराला तो पडला. आम्हाला कळायला अर्धा तास गेला. त्या रांगेतल्या एका संघाची अर्धवट भरलेली बॅटरी घेऊन नववीतला एक मुलगा मैदानात उतरला. तो त्याचा आयुष्यातला पहिला सामना. चाळीस सेकंदांत रोबो मधोमध थांबला. उरलेला सामनाभर तो जॉयस्टिक हातात धरून उभा होता. नंतर मी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली, पण गेलेला सामना परत देता येत नाही. तेव्हापासून आम्ही स्पर्धेच्या आठवडाभर आधी शाळेच्या देखभाल कर्मचाऱ्यांबरोबर बसतो आणि कुठला प्लग कुठल्या ब्रेकरवर आहे, याचा नकाशा काढतो. शाळेच्या इमारतीचं खरं ज्ञान त्यांच्याकडेच असतं, त्यांना पहिलं आमंत्रण द्या. बॅटऱ्या शिशाच्या आणि आम्लाच्या, म्हणून चार्जिंगच्या टेबलाजवळ खाण्याच्या सोड्याचा डबा ठेवा, आणि तो कशासाठी आहे हे मुलांना दाखवा.

सामने चालवणाऱ्या संगणकप्रणालीची धास्ती घेऊ नका. सॅन होजेच्या २५४ क्रमांकाच्या संघानं आपल्या ‘चीझी चॅम्प्स’ या ऑफ-सीझन स्पर्धेसाठी ‘चीझी अरीना’ ही प्रणाली लिहिली आणि सगळ्यांसाठी खुली करून ठेवली. इतक्या बलाढ्य संघानं आपलं हत्यार असं वाटून टाकावं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. फक्त रोबोंचे रेडिओ जोडायला सकाळी वेळ राखून ठेवा, आणि प्रेक्षकांना फोनचे हॉटस्पॉट बंद ठेवायची विनंती पुन्हा पुन्हा करा.

जेवणाचं आपल्या घरच्या मंडळींना वेगळं सांगायला नको, तरी एक सांगतो. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट असतं, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल कुठल्याही संघात असू शकतं. इथं दोन दिवस स्वयंपाकघरात दाणा येणार नाही. बटाटेवडे भरपूर आहेत.

उद्या सकाळी शेजारच्या जिममध्ये प्रात्यक्षिक सामना आहे. सहाही रोबो नववीची मुलं चालवणार आहेत. तपासणी पूर्ण होईल, पंच नियमानं बाद ठरवतील, गुण फलकावर लागतील. आपण सगळे तिथं या आणि हंगामातल्या अंतिम सामन्याला बसता, तसे शेवटपर्यंत बसा. सुरक्षा-चष्मे दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत, पिटमध्ये शिरण्यापूर्वी ते घाला.