फॉर्म भरण्याआधी : कॉमर्सला जाणाऱ्या मुला-मुलींशी बोलणं

(बारावीच्या निकालानंतर वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



मी कॉमर्सचा माणूस नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तरी मला इथे उभं केलंय, कारण गेली काही वर्षं जून-जुलै आला की आमच्या मोहल्ल्यातले प्रवेशाचे फॉर्म माझ्या लॅपटॉपवर भरले जातात. त्यातून जे दिसलं ते सांगतो. सत्कार, शाल, नारळ सगळं नंतर.

आपल्याकडे कॉमर्सला जाणाऱ्या मुलाला अजूनही वाटतं की बी.कॉम. म्हणजे ठरलेलं ताट आहे. अकाउंट्स, इकॉनॉमिक्स, कॉमर्स, लॉ. वाढतील ते खायचं. बऱ्याच काळ ते खरंही होतं. आता तसं राहिलेलं नाही. नवीन शैक्षणिक धोरण २०२० सालचं. आपल्या राज्यात त्याचा श्रेयांक आराखडा २०२३ च्या शासन निर्णयाने आला. आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतही तो लागू झाला. म्हणजे तुम्ही फॉर्म भरता तेव्हा नुसता प्रवेश घेत नाही, विषय निवडता. आणि तुम्ही नाही निवडले तर खिडकीतला माणूस निवडतो.

श्रेयांक म्हणजे क्रेडिट. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास शिकवणं, प्रात्यक्षिकाचा असेल तर ३० तास. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट. तीन वर्षांची सहा सत्रं, म्हणजे १२० ते १३२. त्यातला निम्मा किंवा जास्त भाग तुमच्या मुख्य विषयाचा, ज्याला मेजर म्हणतात. मायनर म्हणजे दुय्यम विषय, १८ ते २०. ओपन इलेक्टिव्ह १० ते १२ आणि ते तुमच्या शाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. शिवाय कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, आणि ऑन जॉब ट्रेनिंग. ही सगळी अक्षरं फॉर्मवर संक्षेपात येतात. ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी. मुलं ती बघतात आणि बाजूच्याने जे टिक केलं तेच टिक करतात.

मायनरला काय फरक पडतो, असं विचारतात. सी.ए.चं उदाहरण घ्या. बारावीनंतर फाउंडेशन देऊन जाता येतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण पदवीनंतर थेट इंटरमीजिएटला जायचा दुसरा रस्ताही आहे. कॉमर्सच्या पदवीधराला त्यासाठी ५५ टक्के लागतात, इतरांना ६०. आणि कॉमर्सचा पदवीधर कोणाला धरायचं? अकाउंटिंग, ऑडिटिंग, कायदा, अर्थशास्त्र, कर, कॉस्टिंग, मॅनेजमेंट अशा यादीतले १०० गुणांचे किमान तीन पेपर ज्याने दिलेत त्याला. पूर्वी हे पेपर आपोआप पदरात पडायचे. आता विषयांच्या टोपल्या झाल्यात, तेव्हा ती यादी समोर ठेवूनच मेजर-मायनर भरा. टॅक्समध्ये काम करायचं असेल तर मायनर एक, लॉजिस्टिक्समध्ये किंवा घरच्या दुकानाचा हिशेब नीट लावायचा असेल तर वेगळा. 'सोपा आहे' हे कारण मी सगळ्यात जास्त ऐकलंय आणि तेच सगळ्यात निकामी आहे.

एक प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून आधीच घेतो. बँकिंग-इन्शुरन्स घेतलं तर व्याजाचं शिकावं लागेल, मग ते घ्यावं का? मी मुफ्ती नाही. मशीदीच्या आलिमसाहेबांना जरूर विचारा, पण नुसतं विषयाचं नाव सांगून विचारू नका, अभ्यासक्रमाची प्रत घेऊन जा. शिकणं, नोकरी करणं आणि स्वतः व्यवहार करणं हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांच्यासमोर कागद असेल तर उत्तरही नेमकं मिळतं. नाहीतर कुणाच्या चुलतभावाने काहीतरी सांगितलेलं असतं आणि त्यावर तीन वर्षं ठरतात.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. नव्या रचनेत मधेच बाहेर पडता येतं. एका वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिट झाले की सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर ८० ते ८८ झाले की डिप्लोमा. अर्थात बाहेर पडताना ४ जादा क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते, हे बहुतेकांना शेवटच्या आठवड्यात कळतं. कागदावर ही सोय चांगली आहे. पण आपल्या घरात ती कोणासाठी वापरली जाते? रिश्ता आला की मुलीसाठी. आखाती देशाचा व्हिसा आला की मुलासाठी. पूर्वी अब्बा म्हणायचे, 'मधेच कसं सोडवणार, हाती काहीच नाही येणार.' या एका वाक्यावर कित्येक मुलींची पदवी पूर्ण झाली. आता ते वाक्य कमजोर झालंय. 'सर्टिफिकेट मिळतंय ना, बास झालं.'

बास होत नाही. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते. बँकांच्या भरतीला पदवी लागते. एम.बी.ए.च्या प्रवेशाला पदवी लागते. एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर यातलं एकही दार उघडत नाही. पालक बसलेत इथे, त्यांना मी अदबीने सांगतो, लग्न ठरवा, दुआ देऊ. पण निकाहाच्या बोलणीत मेहेर आणि जेवणाच्या पंगती जशा बोलता तसं उरलेल्या सत्रांचंही बोला. आणि खरोखरच थांबावं लागलं तर मुलीचे क्रेडिट कुठे आहेत हे तिला माहीत असू दे. ते अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा असतात, सर्वसाधारणपणे सात वर्षं धरले जातात. दुसऱ्या गावी, दुसऱ्या महाविद्यालयात पुढे सुरू करता येतं. सासरी जाताना दागिन्यांची यादी करतो आपण, त्यात हा बारा अंकी क्रमांकही लिहा.

त्या क्रमांकावरून मी माझ्या कामाच्या विषयावर येतो. ही क्रेडिटची बँक २०२१ च्या नियमांनी सुरू झाली, खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि नाव आधारवरून येतं. महाविद्यालयाकडे नाव दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरचं असतं. माणूस ही दोन नावं बघून म्हणतो, एकच आहे. मशीन असं म्हणत नाही. मशीन एकेक अक्षर जुळवतं, एक चुकलं की ते दोन वेगळे विद्यार्थी.

आणि आपली नावं बघा. शेख हे आडनाव इंग्रजीत कुणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितं, कुणी ए च्या जागी ई घालतं, कुणी शेवटचा एच खातं. मोहम्मद एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर एम-ओ-एच-डी, तिसऱ्यावर नुसतं एम-डी. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. मुलीच्या एका कागदावर बानो आहे, दुसऱ्यावर नाही. आमच्याकडच्या एका मुलीचे दोन सत्रांचे क्रेडिट खात्यावर दिसतच नव्हते, कारण आधारवर वडिलांच्या नावात एक जागा जास्त सुटली होती. एक रिकामी जागा! आधार केंद्र, महाविद्यालय, परत आधार केंद्र, असे तिचे अनेक शुक्रवार गेले, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तोपर्यंत अडकून पडला.

म्हणून आज घरी गेल्यावर दहावीची गुणपत्रिका, बारावीची, आधार, बँक पासबुक आणि असेल तर जातीचा दाखला एकाखाली एक ठेवा आणि इंग्रजी नाव अक्षर-अक्षर मोठ्याने वाचा. फरक असेल तर प्रवेशाआधी दुरुस्त करा. बहुतेक वेळा दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आधार करून घेणं सोपं पडतं. गुणपत्रिकाच चुकीची असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे जावं लागतं, तो रस्ता लांबचा आहे, लवकर निघा.

बीबीए-बीएमएसचं थोडक्यात. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सीईटी लागली. त्यानंतर काही महाविद्यालयांनी नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज वगैरे केलं. तिथे सीईटी लागत नाही, मुलांना बरं वाटतं. तो अभ्यासक्रम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण नाव बदललं की शुल्काच्या सवलती बदलू शकतात. जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत. दाखला काढलेला नसतो, एवढंच. आणि ज्यांना कुठलंच आरक्षण नाही त्यांना ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो का, ते तहसील कार्यालयात बघा. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : हा अभ्यासक्रम, याच नावाने, महाडीबीटीच्या यादीत आहे का? उत्तर 'बघू' असेल तर पैसे भरू नका.

विचारायचं कोणाला? अमेरिकेतल्या कॉलेजांत विषय नोंदवण्याआधी सल्लागाराला भेटायची पद्धत आहे, काही ठिकाणी त्याच्या मंजुरीशिवाय नोंदणीच उघडत नाही. आपल्याकडे खिडकी आहे आणि व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पण एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगत नाही. नॅकचं मूल्यांकन होतं तेव्हा महाविद्यालयाला लिहून द्यावं लागतं की आमच्याकडे इतक्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर आहे. म्हणजे कागदावर तुमच्या नावापुढे एका प्राध्यापकाचं नाव असण्याची दाट शक्यता आहे. ऑफिसात जाऊन नम्रपणे विचारा, 'सर, माझे मेंटॉर कोण?' पहिल्यांदा हसतील. दुसऱ्यांदा यादी शोधतील. मग त्या सरांना किंवा मॅडमना तासानंतर भेटा, रिकाम्या हाताने नाही, सहाही सत्रांचा तक्ता भरून घेऊन जा आणि म्हणा, 'यात काय चुकतंय ते दाखवा.' दहा मिनिटांत काम होतं. प्राध्यापकांपैकी बरेच जण अशा मुलांची वाटच बघत असतात, हे मी अनुभवाने सांगतो.

कुरआनात एका सूरहचं नावच अश्-शूरा आहे, मशवरा. आणि सर्वांत मोठी आयत सूरह बकरातली, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. कॉमर्सच्या मुलांना हे दोन्ही मी सांगायची गरज नसावी! तेव्हा मशवरा करा आणि लिहून घ्या. विषय बदलायची शेवटची तारीख कोणती, या मायनरची बॅच किती मुलांवर सुरू होते, बॅच रद्द झाली तर दुसरा पर्याय कोणता, ही उत्तरं ईमेलवर मागा. फॉर्म जमा केल्यावर विषयांसकट त्याची प्रत घ्या आणि पहिल्या परीक्षेच्या अर्जाशी ताडून बघा. आणि हवं ते इलेक्टिव्ह भरून गेलं तर स्वयम पोर्टल आहे. विद्यापीठाची मान्यता असेल तर सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला लागतात. पण मान्यता आधी घ्यायची, कोर्स संपल्यावर नाही.

मगरिबला अजून पाऊण तास आहे. ज्यांनी आधार आणि गुणपत्रिका आणल्यात त्यांनी डावीकडच्या टेबलाशी या, नावं आत्ताच ताडून बघू. मुलींसाठी वेगळं टेबल मागे लावलंय, तिथे कॉमर्सच्या दोन आपा बसल्यात आणि त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात. रांग लावा, फोटोकॉपीवाला खाली थांबलाय.