कात, आमसूल आणि चॉकलेट



आपल्याकडे शाळेत कुणाचा वाढदिवस असला की तो चॉकलेटं वाटतो. पुड्यात असतात लिमलेटच्या गोळ्या, नाहीतर रावळगाव. आणि खरंखुरं चॉकलेट हातात आलं की ते कुठल्याही कंपनीचं असो, आपण म्हणतो ‘कॅडबरी’. गोळीला चॉकलेट आणि चॉकलेटला कॅडबरी! अशा आपल्याला कुणी ‘चॉकलेट चाखायला या’ म्हटलं, तर त्यात चाखायचं काय, खाऊन मोकळं व्हावं, असंच वाटणार. मलाही तसंच वाटत होतं.

माझी भाची जर्मनीत कोलोनला शिकते. तिथे ऱ्हाईन नदीच्या काठी चॉकलेटचं संग्रहालय आहे. हान्स इमहोफ या चॉकलेटच्या कारखानदाराने १९९३ साली ते उभं केलं. आत तीन मीटर उंचीचं कारंजं, त्यात २०० किलो पातळ चॉकलेट, आणि त्यात बुडवलेली वेफर पाहुण्यांच्या हातावर ठेवतात. तिथे एका संध्याकाळी भाची चॉकलेट चाखायच्या बैठकीला बसून आली. सुट्टीत पुण्याला आली ती तीन वड्या घेऊनच. म्हणाली, “मावशी, आपण घरी बैठक करू. पण आधी एखादं संग्रहालय बघून येऊ, म्हणजे रीतसर होईल.”

संग्रहालयाला पुण्यात काय तोटा? बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी जन्मभर वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं. वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत. आम्ही रेंगाळलो ते अडकित्त्यांपाशी. एका अडकित्त्याचा घोडा झालेला, एकाचा पोपट, एकाचं जोडपं. भाची म्हणाली, “तिथे आम्हाला आधी चॉकलेट मोडून त्याचा आवाज ऐकायला लावला होता. अगदी सुपारी फुटल्यासारखा.”

त्या आवाजामागे कारण आहे. चॉकलेट गोठवताना त्याचं तापमान काळजीने खालीवर करतात. त्यामुळे कोकोच्या बियांतली चरबी नीट बसते. मग वडी चकाकते आणि कट्‌कन मोडते. उन्हात मऊ पडून पुन्हा घट्ट झालेल्या वडीवर जो पांढुरका थर दिसतो, तो बहुधा बुरशीचा नसतो. ती वर आलेली चरबी असते. अशी वडी मोडताना आवाज करत नाही.

पुढे स्वयंपाकाची जुनी भांडी बघताना चॉकलेटचा उगम आठवला. मेक्सिकोत कोकोच्या बिया वाटायचा दगड म्हणजे मेताते, आपल्या पाट्याचा तीन पायांचा भाऊ. वाटलेल्या कोकोच्या पेयाला फेस आणायला मोलिनियो, दोन तळव्यांत फिरवायची लाकडी रवीच. चॉकलेट शेकडो वर्षं प्यायलाच जात होतं. इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खायची वडी केली ती १८४७ साली. आजही कोको आंबवतात, वाळवतात, भाजतात, पाखडतात आणि वाटतात. यातलं कुठलं क्रियापद आपल्या आजीला ठाऊक नव्हतं? गेल्या वीसेक वर्षांत अमेरिकेत घरच्या घरी चॉकलेट करणारे छोटे कारागीर पुढे आले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी पहिला घाणा काढला तो कोईम्बतूरच्या इडली-डोशाच्या ग्राइंडरवर.

संध्याकाळी घरी बैठक बसली. जर्मनीच्या तीन वड्या आणि चौथी इथेच घेतलेली, केरळच्या कोकोची, ७० टक्क्यांची. म्हणजे शंभरातले सत्तर भाग कोको, उरलेली बहुतेक साखर. भाचीने नियम सांगितले: आधी वास घ्यायचा, मग तुकडा जिभेवर ठेवून टाळूला लावायचा, चावायचा नाही. कोकोची चरबी ३४ अंशांच्या आसपास वितळते आणि आपलं अंग असतं ३७ अंश, तेव्हा काम तोंडच करतं. मधे नाकाने श्वास सोडायचा, कारण चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं पुष्कळसं वासच असतं.

माझ्याने राहवलं नाही, पहिला तुकडा मी चावलाच. चौथ्या वडीपाशी आलो तेव्हा भाचीने वेष्टनाच्या कागदावरची चवींची यादी वाचली: रासबेरी, देवदाराचं लाकूड, तंबाखू. बघते तर माझी ८२ वर्षांची आई डोळे मिटून बसलेली. त्या वडीचा तुकडा तिच्या जिभेवर होता. बराच वेळ गेला. मग म्हणाली, “आधी कात लागला. मग आमसूल. आणि शेवटी कढईला लागलेला गूळ.” भाचीने रासबेरीचं विचारलं, तर म्हणाली, “ते फळ मी खाल्लेलं नाही, बाई. मला कसं कळणार?”

आम्ही पुन्हा तुकडा घेतला. कात होता, आमसूल होतं, शेवटी लागलेला गूळही होता. पन्नास वर्षं जेवणानंतर विडा लावणारी जीभ ती. तुरट कुठे संपतो आणि कडू कुठे सुरू होतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. सहा रसांत तुरटाला वेगळं आसन देणारी आपली परंपरा. चॉकलेटचं निम्मं मर्म त्या तुरटपणातच आहे आणि दुधा-साखरेत ते आपण बुडवून टाकतो.

चॉकलेट आपल्याला परकं नाही, श्रोतेहो. एकेकाळी पुण्यात साठे बिस्किट अँड चॉकलेट कंपनी होती. आज याच जिल्ह्यात तळेगावजवळ इंदोरीला कॅडबरीचा कारखाना आहे आणि बारामतीला फेरेरोचा. उणीव आहे ती सावकाश चाखण्याची. आपल्या एखाद्या संग्रहालयाने अडकित्ते, पाटा आणि रवी मांडून अशी एक संध्याकाळ ठेवावी, तिकीट काढून मी येईन. तोवर घरीच करून बघा. साधी, कमी साखरेची वडी आणा. चावू नका. आणि पहिला तुकडा घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला द्या.